चेहरा साच्यात, परीक्षा अकराला

साच्याच्या बाबतीत मला कोणी काही शिकवायला येऊ नये. आधीच सांगून ठेवतो! आमच्या घरात तीन पिढ्या साच्यांचंच काम चालतं. आजोबा साचे करायचे, अण्णा म्हणजे माझे वडील साचे करतात, आणि मी पहिलं पाऊल टाकलं ते प्लॅस्टरच्या घमेल्यात, असं आई सांगते. बागेतली बदकं, बंगल्याच्या फाटकावरचे सिंह, निवृत्त मुख्याध्यापकांचे अर्धपुतळे, काय म्हणाल ते आमच्या कारखान्यातून बाहेर पडलंय. एका मुख्याध्यापकांच्या बायकोनं तर पुतळा बघून डोक्यावर पदर घेतला होता!

तर असा मी, परदेशात शिल्पकला शिकायला गेलो. सोबत तिथली भाषाही शिकायची, कारण शिकवणारे सगळे त्याच भाषेत शिकवणार. सकाळी माती, दुपारी व्याकरण. आणि वर्षाच्या शेवटी एक अट! भाषेच्या परीक्षेत पास झालात तरच दुसऱ्या वर्षाला प्रवेश. नापास झालात तर बॅग भरा आणि घरी जा. मग तुमच्या शिल्पाला कोणी डोक्यावर घेऊन नाचो, त्याचा उपयोग नाही.

मला त्याची काळजी नव्हती. बोलण्यात मला कोण हरवणार? मी 'माझं घर आणि माझी कला' या विषयावर बेचाळीस वाक्यं पाठ केली होती. परीक्षकांनी काहीही विचारू दे, मी गाडी तिथेच आणणार होतो. हवामानाबद्दल विचारलं, तर 'पावसाळी हवेत प्लॅस्टर सुकत नाही' म्हणायचं आणि सुरू! ही बेचाळीस वाक्यं मी आरशापुढे म्हटली, इस्त्री करताना म्हटली, जिना चढता-उतरता म्हटली. माझ्या खोलीतल्या जोडीदाराला तर ती माझ्याआधी पाठ झाली.

हा जोडीदार म्हणजे लंबू. तिसऱ्याच देशातला, माझ्याच वर्गात शिकणारा. दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागते. आमच्या भाषेत मोठ्या माणसाला लंबू म्हणतात, असं मी त्याला सांगितलंय आणि त्यात खोटं काय आहे? तो इतका खूश झाला की आता स्वतःची ओळखही तशीच करून देतो.

भाषेची परीक्षा मंगळवारी सकाळी अकराला होती. आणि त्याच मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत शिल्पाच्या मास्तरांकडे एक काम द्यायचं होतं. विषय होता 'स्वतःचा चेहरा'. अख्खा वर्ग तीन आठवडे आरशापुढे बसून मातीत नाकं घडवत होता. लंबूनं तर स्वतःचं नाक चार वेळा मोडलं आणि पाचव्यांदा केलं. मी मात्र खिशात हात घालून हिंडत होतो.

"तू सुरुवात कधी करणार?" लंबू रोज विचारायचा.

"मंगळवारी सकाळी."

"मंगळवारी? त्या दिवशी तर परीक्षा आहे!"

"अकराला! पावणेनऊला प्लॅस्टर कालवायचं, साडेनऊला साचा हातात. दुपारी येऊन ओतायचा, पाचला द्यायचा. अरे, ज्याच्या घरात साचे होतात तो माती चिवडत बसेल का?"

म्हणजे बेत असा होता की माझ्याच चेहऱ्यावर प्लॅस्टर ओतून त्याचा साचा काढायचा. नाक, गाल, हनुवटी, सगळं जसंच्या तसं! तीन आठवड्यांचं काम पाऊण तासात! मला माझंच कौतुक वाटत होतं.

मंगळवारी पावणेनऊला आम्ही दोघं कार्यशाळेत हजर. मी टोपी घालून केस आत कोंबले, चष्मा काढून फळीवर ठेवला आणि खुर्चीत मागे रेलून बसलो. चष्म्याशिवाय मला माणूस दिसतो, पण अक्षर दिसत नाही. लंबूनं कुठून तरी व्हॅसलीनची भली मोठी बाटली आणली आणि झाकण उघडलं.

"हे काय?" मी विचारलं.

"हे तोंडाला लावायचं. जाड थर द्यायचा. पुस्तकात लिहिलंय."

"ठेव ती बाटली! पुस्तक लिहिणारा आमच्या कारखान्यात आला असता तर अण्णांनी त्याला हाकलून दिला असता. तेल जास्त झालं की नाकाची धार मरते! साच्याला तेलाचा नुसता हात फिरवायचा. दिसलं नाही पाहिजे, नुसतं वाटलं पाहिजे."

"पण मिशी आहे तुला!"

मिशी होती खरी. सहा महिने जपून वाढवलेली, टोकाला जरा वळण दिलेली. घरी फोटो पाठवला होता, तेव्हा अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा 'छान' असं लिहून पाठवलं होतं.

"मिशीचं तर खरं सौंदर्य येणार आहे!" मी म्हणालो. "एकेक केस मोजून घे साच्यात!"

तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. अण्णांचा नियम शंभर टक्के बरोबर होता. फक्त तो मुख्याध्यापकांच्या पुतळ्यांसाठी होता, आणि त्यांची मिशी मातीची असायची. पण पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान डोक्यात भरलेलं असलं की साध्या गोष्टीला जागाच राहत नाही हो!

तेलाचे चार थेंब तळहातावर घेतले, चेहऱ्यावरून हात फिरवला आणि झालं. साच्यात कानसुद्धा हवे होते, कारण कान नसलेला चेहरा म्हणजे बशी. म्हणून कानात कापसाचे बोळे घातले, चांगले ठासून. डोळे उघडे ठेवले, ते मी नंतर कोरणार होतो. नाकपुड्या मोकळ्या ठेवल्या, कारण जगायचं होतं. तोंड घट्ट मिटलं आणि लंबूला अंगठा दाखवला.

लंबूनं प्लॅस्टर लावायला सुरुवात केली. पोराचा हात चांगला आहे, खोटं का बोला! कपाळ, गाल, मिशी, ओठ, हनुवटी, मग कल्ल्यांवरून दोन्ही कानांभोवती. पहिल्यांदा गार वाटलं. मग कोमट झालं. मग चांगलंच गरम व्हायला लागलं. प्लॅस्टर धरायला लागलं की तापतं, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण ते बाहेरून माहीत होतं!

साडेनऊला मी खूण केली, ओढ!

लंबूनं ओढलं. मान पुढे आली.

त्यानं परत ओढलं. मान परत पुढे आली, आणि तिच्या मागोमाग मीही खुर्चीतून उठलो. साचा जागचा हलेना. लंबूचे ओठ हलत होते, पण मला काही ऐकू येत नव्हतं. कानात कापूस, वर बोटभर प्लॅस्टर! मी त्याला सांगायला गेलो, 'हळू, मिशी ओढली जातेय,' तर तोंडच उघडेना. आतल्या आत 'म्मम्म' एवढंच झालं. लंबूला वाटलं मी 'आणखी जोरात' म्हणतोय. त्यानं एक पाय खुर्चीला लावला आणि दोन्ही हातांनी हिसका दिला!

आई गं! मी जो ओरडलो, तो सगळा आतच राहिला. डोळ्यांतून पाणी मात्र बाहेर आलं. मिशीचा प्रत्येक केस प्लॅस्टरनं धरून ठेवला होता. भुवया, कल्ले, सगळीकडे तीच गत. घड्याळाचे काटे तेवढे मला दुरूनही दिसत होते. पावणेदहा. अकराला परीक्षा. परीक्षेला बोलायचं. बोलायला तोंड हवं. आणि तोंड साच्यात!

तेवढ्यात लंबूनं माझा फोन उचलला. घरून व्हिडिओ कॉल आला होता. परीक्षेच्या दिवशी अण्णा आणि आई न चुकता फोन करतात, आशीर्वाद द्यायला. लंबूनं बिचाऱ्यानं मदतीच्या आशेनं फोन थेट माझ्यासमोर धरला.

तिकडे काय बोलणं झालं ते मला नंतर आईकडूनच कळलं.

"अगं बाई! हे कोण?" आई किंचाळली.

"कोण म्हणजे? आपलाच आहे," अण्णा म्हणाले. "तेल कमी लावलंय गाढवानं!"

बघा, याला म्हणतात कारागीर! डोळे आणि नाकपुड्या सोडून काही दिसत नसताना पोरगा ओळखला, आणि चूकही ओळखली.

पुढचं मला ऐकू आलं नाही, नुसतं दिसलं. आई एकदम उठून आत गेली आणि एक कागद घेऊन आली. तो तिनं फोनसमोर नाचवला. मला नुसता पांढरा चौकोन दिसला. मग तिनं कागद टाकला आणि दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले. धरले आणि हलवले. अण्णांनीही कान धरले. दोघंही माझ्याकडे बघत, कान धरून, तावातावानं माना हलवत होते.

मला चटकन कळलं. म्हणत होते, 'कान धर! माफी माग!' लहानपणी प्लॅस्टरच्या घमेल्यात मांजर पडलं होतं, तेव्हाही असंच उभं केलं होतं मला. मनात म्हटलं, मी इथे मरतोय आणि यांना माफी सुचतेय! पण आईवडील ते आईवडील. मी कानांवरचे प्लॅस्टरचे गोळे दोन्ही हातांनी धरले आणि तीन उठाबशा काढल्या.

त्यांनी कपाळावर हात मारला आणि परत कान धरले. मी आणखी दोन काढल्या. लंबूला वाटलं ही आमच्याकडची नमस्कार करायची पद्धत असावी. त्यानंही वाकून आपले कान धरले आणि फोनकडे बघून गोड हसला.

अण्णांनी डोक्यावरची टोपी काढून टेबलावर आपटली, एवढं मला चष्म्याशिवायही स्पष्ट दिसलं.

मी हातानं 'मास्तर, मास्तर' अशी खूण केली, म्हणजे पोटापर्यंत दाढी दाखवली. लंबूला ते लगेच कळलं. फोन मातीच्या पिंपाला टेकवून तो धावत गेला आणि दहा मिनिटांनी मास्तरांना घेऊन आला. ही दहा मिनिटं मी आणि माझे आईवडील एकमेकांकडे बघत कान धरून उभे होतो.

मास्तर म्हणजे सत्तरीचा माणूस. हातात कायम एखादं हत्यार आणि चेहऱ्यावर कायम 'हे मी बघितलंय' असा भाव. पण हे त्यांनी बघितलेलं नसावं. ते दारातच थांबले. मग जवळ आले, माझ्याभोवती एक फेरी मारली, कपाळावर टिचकी मारून बघितली आणि दाढीत तोंड लपवून बराच वेळ हलत राहिले. हसत होते हो! स्पष्ट हसत होते!

मग कामाला लागले. छोटी करवत, पातळ छिन्नी, कात्री आणि कोमट पाण्याची बादली. साचा अखंड निघणार नाही, तुकडे करावे लागतील, हे मलाही कळत होतं. त्यांनी घड्याळाकडे बोट केलं. सव्वादहा झाले होते. मग एक बोट वर केलं, म्हणजे एवढ्या वेळात एकच जागा मोकळी होईल. आधी माझ्या तोंडाकडे बोट दाखवलं, मग कानाकडे, आणि हात पसरून विचारलं, 'कुठली?'

आता यात विचारण्यासारखं काय आहे? मी दोन्ही हातांनी तोंड दाखवलं!

तिकडे फोनमध्ये आई जागच्या जागी उड्या मारायला लागली. तिचे दोन्ही कान आता लालभडक दिसत होते. अण्णा तर एक कान धरून तो फोनच्या काचेला चिकटवत होते. अख्ख्या पडद्यावर नुसता अण्णांचा कान! मला गलबलून आलं. पोरासाठी किती जीव तुटतोय यांचा! मी परत एकदा कान धरले, मनापासून, आणि मास्तरांना ठासून तोंड दाखवलं. त्यांच्या मनात शंका राहू नये म्हणून दोनदा दाखवलं.

पुढची पंचवीस मिनिटं मी वर्णन करत नाही. फक्त एवढं सांगतो की मास्तरांनी हनुवटीच्या खाली करवत लावली, लंबूनं मागून माझं डोकं धरलं, कोमट पाणी गळ्यातून थेट मोज्यांपर्यंत गेलं, आणि शेवटी कात्री मिशीखाली शिरली. कच्, कच्, कच्! सहा महिन्यांची मेहनत! नाकाखालचा आणि ओठांवरचा तुकडा बाहेर आला, तेव्हा माझी मिशी अख्खीच्या अख्खी त्यात बसली होती, वळणासकट.

पण तोंड उघडलं! मी जबडा हलवून बघितला आणि पहिलं वाक्य म्हटलं, 'माझं घर मोठं नाही, पण कारखाना मोठा आहे.' मला माझा आवाज ऐकू येत नव्हता, नुसता डोक्यात घुमत होता. पण लंबूनं अंगठा वर केला, म्हणजे बरोबर आलं असणार. मी आनंदानं मास्तरांना मिठीच मारली!

"आई, अण्णा!" मी फोनजवळ तोंड नेऊन ओरडलो. "तोंड मोकळं झालं! आता काळजी नाही! निघालो!"

आईनं दोन्ही हातांनी कान उपटायचेच बाकी ठेवले होते.

"हो गं, चुकलो म्हटलं ना! आता किती वेळा कान धरू?" असं म्हणून मी फोन बंद केला.

दहा चाळीस! फळीवरचा चष्मा खिशात टाकला. कपाळावर पट्टी, भुवयांवर दोन पूल आणि दोन्ही कानांवर नारळाएवढे गोळे घेऊन मी रस्त्यावर पळत सुटलो. लोक बाजूला होत होते. वाटेत एक कुत्रं माझ्याकडे बघून मालकिणीच्या मागे लपलं. बसच्या ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं, तिकिटाचं नावही काढलं नाही आणि अदबीनं हातानंच आत जा म्हणून सांगितलं. त्याला वाटलं असेल अपघात झालेला माणूस दवाखान्यात चाललाय. मी कोपऱ्यात बसून बेचाळीस वाक्यं म्हणायला लागलो. ऐकू येत नसल्यामुळे मी ती किती मोठ्यानं म्हणतोय याचा मला अंदाज नव्हता. पण तिसऱ्या थांब्यापर्यंत माझ्या आसपासच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या.

अकराला दोन मिनिटं कमी असताना मी परीक्षेच्या खोलीत शिरलो. जिंकलो! पंचवीसेक मुलं बसली होती. सगळी माझ्याकडे बघायला लागली. समोर परीक्षक बाई, उंच, शिस्तीच्या, नाकावर चष्मा. त्यांनी माझं ओळखपत्र बघितलं, मग मला बघितलं, मग परत ओळखपत्र बघितलं. फोटोतल्या मिशीवर बोट ठेवून प्रश्नार्थक चेहरा केला. मी खिन्नपणे मान हलवली. त्यांनी सहानुभूतीनं मला बाक दाखवला.

बाकावर एक कागद आणि हेडफोन! वा, काय सोय आहे, मी मनात म्हटलं. आपलं बोलणं रेकॉर्ड करणार आणि निवांत ऐकणार. बेचाळीस वाक्यांचं चीज होणार! मी हेडफोन घालायला गेलो, तर कानांवरच्या गोळ्यांमुळे तो बसेना. मग डोक्यावर आडवा टाकला आणि बोलायला केव्हा सांगतात याची वाट बघत बसलो.

बाईंनी एक बटण दाबलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि लिहायला लागले.

लिहायला? बोलायचं सोडून लिहितायत काय हे? मी खिशातून चष्मा काढला. काड्या अडकवायला कान नव्हते, म्हणून हातानंच डोळ्यांपुढे धरला आणि कागद वाचला. वरती ठळक अक्षरांत छापलं होतं, 'श्रवण परीक्षा. ऐका आणि योग्य उत्तरावर खूण करा.' आणि शेजारी, ज्यांना वाचताही येत नाही त्यांच्यासाठी, एक चित्र होतं. कानाचं!

परीक्षेचे दोन भाग होते, दोन दिवस. ऐकणं आणि बोलणं. ते मला माहीत होतं. पण भाषा म्हणजे बोलणं, तेव्हा बोलणं आधी, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. वेळापत्रक मी बघितलंच नव्हतं. महिन्यापूर्वी भिंतीवरच्या तक्त्याचा फोटो काढला, न बघता घरी पाठवला आणि मोकळा झालो. त्या तक्त्यावर मंगळवारपुढे कान होता आणि बुधवारपुढे तोंड. आईनं तो फोटो कागदावर छापून घेतला होता, सकाळी नाचवलेला पांढरा चौकोन तोच! आमच्या आईला त्या भाषेतलं अक्षरही वाचता येत नाही, पण चित्र दिसतं! आणि मी कलेचा विद्यार्थी!

मग मी उभा राहिलो. काय बोललो ते मला आठवत नाही. पाठ केलेल्या बेचाळीसपैकी एकही वाक्य त्यात नव्हतं. मी त्यांच्या भाषेत, एकदाही न अडखळता, सगळं सांगितलं. तेल, मिशी, लंबूचा पाय, मास्तरांची करवत, अण्णांचा पडदाभर कान! आईचे लाल झालेले कान तर मी स्वतःचे गोळे धरून दाखवले. "बाई," मी म्हणालो, "मला घरी पाठवू नका! मला अजून खूप शिकायचंय! तेल लावण्यापासून शिकायचंय!"

सगळा वर्ग पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत होता. ऐकू येत नसल्यामुळे मी केवढ्यानं बोलत होतो देव जाणे, पण बाहेरच्या बोळातून दोन शिपाई आणि एक झाडूवाल्या मावशी डोकावल्या. पोरं हसून हसून बाकावर पडली होती. बाईंनी बटण बंद केलं. एका चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं आणि माझ्या हातात दिलं. मी चष्मा धरून वाचलं.

'तुम्ही छान बोलता. पण आज फक्त ऐकायचं आहे.'

खाली आणखी एक ओळ होती. 'दुसरी तुकडी तीन वाजता. कान घेऊन या.'

मी बाईंच्या पायाच पडणार होतो, पण त्यांनी मला वाटेतच धरलं आणि दाराबाहेर सोडलं, कारण वर्गाची परीक्षा पहिल्यापासून सुरू करावी लागणार होती.

मी पळत परत कार्यशाळेत आलो. मास्तर जणू वाटच बघत होते, कारण पाणी गरम करून ठेवलं होतं. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही. सव्वा तास घासून, भिजवून, छिन्नीनं टकटक करून त्यांनी एकेक गोळा काढला. कल्ले गेले. भुवया अर्ध्या गेल्या. आणि एकला दोन मिनिटं असताना उजव्या कानातला बोळा बाहेर आला! अहाहा! नळाचा आवाज! करवतीचा आवाज! लंबूचा आवाज! तो म्हणत होता, "मोठ्यानं बोलू नकोस, मी शेजारीच आहे!"

फोन उघडला, तर आईचे सतरा मेसेज. 'कान.' 'कान मोकळे कर.' 'आज कानाची परीक्षा आहे.' 'अरे गाढवा कान.' हा शेवटचा अण्णांनी तिच्या फोनवरून लिहिलेला असणार.

तीन वाजता मी दोन मोकळे कान घेऊन परीक्षेला बसलो. नंतर धावत येऊन पाचच्या आत साच्याचे तुकडे मास्तरांकडे दिले, कारण ओतायला वेळच नव्हता. मास्तरांनी मिशीचा तुकडा उजेडात धरून बघितला आणि शेऱ्यात लिहिलं, 'केसांचं काम अस्सल.' दुसऱ्या दिवशी बोलण्याची परीक्षा झाली. बाई मला बघताच म्हणाल्या, "तुमची काल झाली. दुसरं काही आठवत असेल तर सांगा." मी बेचाळीस वाक्यं म्हटली. त्यांनी चौथ्यालाच थांबवलं आणि म्हणाल्या, "कालचं जास्त चांगलं होतं."

आठ दिवसांनी निकाल लागला. मी पास! दुसऱ्या वर्षाला प्रवेश पक्का! मी खोलीत उड्या मारल्या, लंबूनंही मारल्या आणि दिव्याला डोकं आपटून घेतलं. लगेच घरी व्हिडिओ कॉल लावला.

"पास झालो! पास!"

"अगं बाई, झाला एकदाचा!" आईनं डोळ्यांना पदर लावला.

"गुण किती?" अण्णांनी विचारलं. कारागीर माणूस, माप घेतल्याशिवाय बोलत नाही.

"बोलण्यात पन्नासपैकी सत्तेचाळीस! सगळ्या तुकडीत पहिला!"

"आणि ऐकण्यात?"

"ऐकण्यात... वीस."

"पास व्हायला किती लागतात?"

"वीस."

अण्णांनी टोपीला हात घातला. मीच घाईघाईनं म्हणालो, "पण अण्णा, तुम्ही बघितलं ना त्या दिवशी? कानांत कापूस, वर प्लॅस्टर! अशात वीस पडले तेच खूप झालं!"

आई म्हणाली, "पण बाळा, प्लॅस्टर तर एकलाच निघालं होतं, असं तूच सांगितलंस ना? आणि परीक्षा तीनला होती."

"हॅलो? हॅलो! काय म्हणालीस गं आई? इकडे काही ऐकूच येत नाहीये!"